श्याम आमच्या गावचा नव्हता : खानदेशातील बालपणाच्या आठवणी आणि आपले अध्यापन

१

मराठीतील बालपणाच्या आठवणींचा विषय निघाला की पहिले नाव ‘श्यामची आई’चे येते, आणि ते योग्यच आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यापूर्वी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरला शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची अंथरुणे आवरणारे, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढणारे गुरुजी याच काळात आणि याच गावात घडले. मराठीत सर्वाधिक वाचल्या गेलेल्या बालपणाच्या आठवणींपैकी एक पुस्तक ज्याने लिहिले, त्या लेखकातील शिक्षक असा खानदेशाने पाहिला. पुस्तकातील बालपण मात्र खानदेशातले नाही, ते कोकणातील पालगडचे आहे. श्यामची विहीर, श्यामचा समुद्र, श्यामच्या घरची गरिबी आणि त्या गरिबीतही टिकून राहिलेले ब्राह्मणी घराचे वळण, हे सारे सह्याद्रीच्या पलीकडचे.

यात तक्रारीचे काही कारण नाही. गुरुजींनी स्वतःच्या बालपणाविषयी लिहिले आणि अंतःकरणापासून लिहिले. आम्हीही ते वाचून रडलो. परंतु साहित्याच्या अध्यापकाला त्यातून एक प्रश्न पडावयास हवा. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजींसमोर बसलेली जी शेतकऱ्यांची, विणकरांची, दुकानदारांची मुले होती, त्यांच्या बालपणाचे पुढे काय झाले? श्यामच्या आठवणी मराठी साहित्यात आल्या; त्या ऐकणाऱ्या मुलांच्या आठवणी कोठे गेल्या?

माझे म्हणणे असे की, त्या आठवणी नाहीशा झालेल्या नाहीत. आजही त्या ओट्यावर बसून सांगितल्या जातात. मात्र लेखी मराठीत येताना त्या दोन ठिकाणी कातरल्या जातात. एक कातर प्रमाणभाषेची, दुसरी स्मरणरंजनाची. आणि या दोन्ही कातरी बऱ्याचदा आम्हा मराठीच्या शिक्षकांच्याच हाती असतात.

२

प्रथम स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. माझे बालपण पांझरेच्या काठी गेले. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्यावरून पाट काढून फड पद्धतीने शेती करण्याची जुनी रीत आहे. गावाचे बागायत क्षेत्र फडांत विभागलेले असते, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाण्याची पाळी गावाने नेमलेल्या माणसाने ठरवावयाची. पाटकरी, जागल्या, चारी, फड हे शब्द मला अक्षरओळख होण्यापूर्वीपासून ठाऊक होते. उन्हाळ्यात नदी कोरडी पडे, आणि नदीत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरणे हा आम्हा मुलांचा उद्योग असे. कापसाच्या दिवसांत खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग लागे. वडिलांबरोबर गाडीतील कापसावर झोपून काढलेल्या रात्री ही माझ्या लहानपणीची सर्वांत ऊबदार आठवण आहे. ती रांग वडिलांसाठी काय होती, भाव आणि प्रत ठरेपर्यंत त्यांना झोप का लागत नसे, हे मला फार उशिरा कळले.

शाळेत ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले, तेव्हा मी यातले काहीही लिहिले नाही. गावाशेजारून झुळझुळ वाहणारा ओढा, हिरवेगार डोंगर, प्रातःकाळी मंजुळ किलबिल करणारे पक्षी, असे माझे गाव होते. त्या निबंधाला चांगले गुण मिळाले आणि तो वर्गात वाचून दाखविण्यात आला. ऐकणाऱ्या चाळीस मुलांपैकी एकालाही, हे गाव आपले नव्हे, असे म्हणावेसे वाटले नाही. निबंधातले गाव आणि राहण्याचे गाव ही दोन वेगळी असतात, हे आम्ही सर्वांनीच तोवर स्वीकारले होते.

ही समजूत कोठून आली, तेही आठवते. पहिलीत किंवा दुसरीत असताना ‘मी शायमा जास’ असे वाक्य माझ्या तोंडून गेले आणि वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरीही ‘शायमा’च म्हणत असत. शिक्षकांनी ‘मी शाळेत जातो’ असे तीन वेळा म्हणवून घेतले. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. मूल शिकावे, शहरात त्याचे अडू नये, हीच त्यांची तळमळ होती. पण त्या दिवसापासून ‘मन्ही माय’ घरी राहिली आणि ‘माझी आई’ वहीत आली. वहीतल्या आईने कळण्याची भाकरी कधी केली नाही. ती नेहमी गरम पोळी वाढीत असे.

३

खानदेशाने मराठीला दिलेल्या थोर लेखकांकडे या दृष्टीने पाहिले तर काही गोष्टी ध्यानात येतात.

बालकवी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. वडील पोलीस खात्यात असल्याने त्यांचे बालपण खानदेशातील निरनिराळ्या गावी गेले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. जन्म, कीर्ती आणि मृत्यू, सारे याच जिल्ह्यातले. मराठी कवितेतील बाल्याचा सर्वांत निर्मळ स्वर त्यांचा आहे. पण त्या कवितेत गावाचा पत्ता शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तेथील कुरण, झरा आणि पहाट कोठलीही असू शकतात. ही त्या कवितेची उणीव नव्हे, तिची जातच तशी आहे. एवढेच की, तिच्यात बाल्य आहे, बालपण नाही. बालपणाला गाव लागते, बोली लागते, माणसे लागतात.

बहिणाबाई चौधरी यांची गोष्ट याच्या उलट आहे. १८८० साली असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला सासर. म्हणजे आपण ज्याला बालपण म्हणतो ते तेराव्या वर्षीच संपले. असोदे जळगावपासून काही मैलांवर, पण सासुरवाशिणीच्या मनात ते अंतर किती मोठे होते, हे त्यांच्या गाण्यांवरून कळते. स्त्रियांच्या बाबतीत बालपणाच्या आठवणी ‘माहेर’ या एका शब्दात साठविल्या गेल्या, आणि आत्मचरित्र लिहिण्याची सोय नसलेल्या बायकांनी त्या ओवीत, झोक्यावरच्या गाण्यांत, जात्यावर जपल्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. पुत्र सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ती गाणी उतरवून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या आग्रहामुळे, ती पुस्तकरूपाने आली.

या घटनेतील एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. सोपानदेव हे स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे नामवंत कवी होते. आईची गाणी ‘सुधारून’ घेणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्या काळच्या अभिरुचीला ते रुचलेही असते. त्यांनी तसे केले नाही. आई जे बोलली ते तिच्या लेवा बोलीत उतरविले. बहिणाबाईंच्या प्रतिभेविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्या प्रतिभेपाशी बसून लाल शाई न वापरणाऱ्या त्या हाताविषयीही कधीतरी लिहिले पाहिजे.

तिसरे नाव भालचंद्र नेमाडे यांचे. यावल तालुक्यातील सांगवी हे त्यांचे गाव. ‘कोसला’ १९६३ साली आली. पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या पांडुरंग सांगवीकराच्या मनात गाव सतत जागे असते. धाकट्या मनीच्या मृत्यूचा भाग ज्याने वाचला तो विसरू शकत नाही. येथे प्रथमच खानदेशी घरातील बालपण, त्यातील बापाचा धाक, शेतीचा व्यवहार आणि न सांगता येणारे दुःख यांसह मराठी कादंबरीच्या मध्यभागी आले. पण ‘कोसला’नंतर आपण काय केले? तिच्या अनुकरणाची चर्चा केली, तंत्राची चर्चा केली. सांगवीसारख्या शेकडो गावांतील माणसांना त्यांचे बालपण विचारावे, हे आपल्याला सुचले नाही.

४

आता एक अनुभव सांगतो. तो सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने ‘आजोबांचे बालपण’ या विषयावर स्वाध्याय लिहून आणला. विषय आखाजीचा होता. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि दिवाळीइतकेच, काही घरांत दिवाळीहूनही, तिचे महत्त्व असते. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, कडुनिंबाला झोके बांधले जातात. स्वाध्यायात हे सारे होते. एका वाक्यात आजोबांचे वडील सालदार असल्याचा उल्लेख होता. मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘शेतमजूर’ असा प्रमाण शब्द वापरावा. विद्यार्थ्याने निमूटपणे दुरुस्ती केली. अंतिम प्रतीत ते वाक्य असे झाले की, आजोबांचे वडील शेतमजूर होते, तरी आखाजीला गावात सर्वत्र आनंदीआनंद असे.

पुढे एकदा वर्ग संपल्यावर तो सहज बोलू लागला. आखाजी हा सालदारांचाही दिवस. वर्षभराच्या बोलीने ज्याच्या घरी राबावयाचे त्याचे साल त्या दिवशी संपते. हिशेब होतो, घेतलेली उचल वजा होते, आणि जुन्या मालकाकडे राहावयाचे की नवा पाहावयाचा ते ठरते. आजोबा सात-आठ वर्षांचे असताना त्या दिवशी सकाळपासून दारात बसून राहत. बाप कोणत्या घरचा होऊन परत येतो, यावर पुढल्या वर्षी कोणाच्या गोठ्यात झोपावयाचे, कोणाच्या घरचे ताक मिळावयाचे हे अवलंबून असे. समोरच्या कडुनिंबाला मालकाच्या लेकींचा झोका असे आणि तो हलवीत राहण्याचे काम यांच्याकडे असे. ‘आखाजी उनी’ एवढे दोन शब्द उच्चारले तरी आजोबा आजही गप्प होतात, असे त्याने सांगितले.

मी विचारले, हे तू स्वाध्यायात का लिहिले नाहीस? तो म्हणाला, “सर, ते त्यात बसत नव्हतं.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बसण्याची जागा मीच काढून घेतली होती. ‘सालदार’चा ‘शेतमजूर’ केला की त्यातले साल जाते. आणि साल गेले की तो मुलगा आखाजीच्या सकाळी दारात का बसला आहे हे कोणालाच कळत नाही. मग उरतो तो केवळ झोका. प्रमाणभाषा आणि स्मरणरंजन या दोन कातरी वेगळ्या आहेत असे मी वर म्हटले. प्रत्यक्षात त्या एकाच कातरीची दोन पाती आहेत. शब्द गेला की त्याच्यामागचा व्यवहार जातो, व्यवहार गेला की दुःख जाते, आणि दुःख गेल्यावर जे गोड उरते त्याला आपण ‘बालपणाच्या रम्य आठवणी’ म्हणतो.

५

खानदेशातील बालपण एकच एक नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. अमळनेरच्या मुलाचा दिवस प्रतापशेठांच्या कापडगिरणीच्या भोंग्याने सुरू होई, जळगावच्या मुलाच्या अंगावर जिनिंगच्या कापसाचे तंतू असत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत मराठी, हिंदी, तेलुगू भाषकांची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुले एकाच मैदानावर खेळत. तेथे मुलाला गाड्यांची वेळापत्रके पाठ असत, शेतीचा महिना ठाऊक नसे. केळीच्या पट्ट्यातील लेवा घरचे मूल, धुळ्याकडचे अहिराणी बोलणारे मूल आणि सातपुड्यातील पावरा किंवा भिल्ल मूल यांच्या आठवणी एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

सातपुड्यातील मुलांच्या बाबतीत तर शाळेची मराठी ही बोलीची दुरुस्ती नव्हती, ती सरळ परकी भाषा होती. त्यातही नर्मदेकाठच्या, पूर्वी धुळे जिल्ह्यात आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या मणिबेलीसारख्या गावांचा विचार करावा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांचे घर, शेत आणि खेळण्याचा उतार गेला, त्यांच्यासाठी बालपणाची आठवण ही करमणूक नव्हे. ते गाव आता फक्त आठवणीतच उभे आहे. ते सांगणारी पिढी संपली की गाव दुसऱ्यांदा बुडेल.

६

यावर घेतले जाणारे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, बोलीतले लेखन परजिल्ह्यातील वाचकाला कळणार नाही. त्याला बहिणाबाईंचे उदाहरण पुरेसे आहे. १९५२ पासून ती गाणी कोकणात आणि विदर्भातही वाचली जातात. चार शब्द अडले म्हणून कोणी पुस्तक मिटलेले नाही. अहिराणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली हा वाद ग्रियर्सनने १९०७ साली आपल्या सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात घातले तेव्हापासून चालू आहे आणि विद्वानांनी तो चालू ठेवावा. आठवण सांगणाऱ्या म्हातारीला त्या निकालाची वाट पाहत बसवू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आठवण फसवी असते. ती इतिहास नव्हे. हे मान्य आहे. पण आठवण काय विसरते, काय रंगविते, कोठे गप्प होते याचा अभ्यास साहित्याच्या विद्यार्थ्याने नाही तर कोणी करावयाचा? इंग्लंडचे उदाहरण घेऊ. लॉरी ली या कवीचे ‘सायडर विथ रोझी’ हे ग्लॉस्टरशरमधील स्लॅड खेड्यातील बालपणाचे पुस्तक १९५९ साली आले आणि अतोनात लोकप्रिय झाले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५६ साली, जॉर्ज ईवर्ट एव्हान्स यांनी सफोकमधील ब्लॅक्सहॉल या गावातील वृद्ध शेजाऱ्यांना त्यांच्या लहानपणाविषयी, अवजारांविषयी, मजुरीविषयी विचारून ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ हे पुस्तक केले होते. एव्हान्स स्वतः वेल्सचे, त्या गावात परके. पण त्यांनी शेजाऱ्यांचे बोलीतले शब्द तसेच ठेवले, कारण त्या शब्दांतच यंत्रापूर्वीची शेती जिवंत होती. एक कवीची आठवण, दुसरी कापणी करणाऱ्यांची. इंग्रजी वाचकाला दोन्ही हव्याशा वाटल्या, आणि एकीमुळे दुसरीचे मोल कळले.

आपल्याकडेही असे घडले आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि बालपण म्हणजे गोड असलेच पाहिजे हा मराठी वाचकाचा समज मोडला. आनंद यादव यांची ‘झोंबी’ १९८७ ची. तिने शेतकऱ्याच्या पोराची शाळेसाठीची झुंज दाखविली. ही पुस्तके आपण अभ्यासक्रमात लावली, त्यांवर प्रश्न काढले. परंतु ती वाचून आलेल्या विद्यार्थ्याने ‘सालदार’ असे लिहिले तर त्याखाली लाल रेघ मारण्याची सवय आपण सोडली नाही. निदान मी सोडली नव्हती.

७

उपाय म्हणून मोठा प्रकल्प किंवा अनुदान सुचविण्याचा माझा हेतू नाही. एम. ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा गल्लीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे बालपण तिच्याच शब्दांत, चार-पाच पानांत उतरवून आणावे. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, नको असेल तेथे नाव गाळावे, अडणाऱ्या शब्दांचा अर्थ तळाशी द्यावा; मजकुरात मात्र एकही शब्द बदलू नये. आपण गुण द्यावयाचे ते ऐकण्याच्या निष्ठेला, भाषेच्या सफाईला नव्हे. आणि प्रश्न विचारताना सणाबरोबर हिशेबही विचारावा : आखाजीला झोक्यावर कोण होते, आणि झोका कोण हलवीत होते?

धुळ्याला या कामाची परंपरा नाही असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहून त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेले कागद जतन झाले. कागदाला वाळवी लागते हे राजवाड्यांना ठाऊक होते म्हणून ते घाई करीत. आठवणीला लागणारी वाळवी त्याहून वेगवान असते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांचा अभिमान बाळगावा, पण आज ऐंशी वर्षांच्या असलेल्या माणसाच्या तोंडची मराठी आणखी किती वर्षे ऐकावयास मिळेल, याचाही हिशेब करावा.

त्या विद्यार्थ्याचा स्वाध्याय मी परत मागून घेतला होता. ‘शेतमजूर’ हा माझा शब्द खोडून त्याला ‘सालदार’ पुन्हा लिहावयास सांगितले, आणि पुढे दोन कोरी पाने जोडून दिली. ती त्याने आजोबांजवळ बसून भरली. आमच्या विभागातील कपाटात तो स्वाध्याय आहे. श्यामच्या रात्रींच्या शेजारी तो ठेवावा अशी त्याची योग्यता आहे की नाही, ते पुढील वाचक ठरवितील. मात्र अमळनेरच्या छात्रालयात बसून दुसऱ्याची आठवण ऐकणाऱ्या त्या मुलांपैकी एखाद्याच्या बालपणाला आता वहीत जागा मिळाली आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.